अर्जाचा एक तास

आपल्याकडील वर्तमानपत्रांच्या शेवटच्या पानांवर बारीक टाइपांत सरकारी सूचना छापलेल्या असतात. अमुक रस्ता रुंद करण्याचें योजिलें आहे, तमुक नियमांत दुरुस्ती करावयाची आहे; ज्या कोणास हरकती अगर सूचना करावयाच्या असतील त्यांनीं त्या मुदतींत लेखी कळवाव्या. ज्याचें घर त्या रस्त्यांत जावयाचें असतें तो ही सूचना दोनदां वाचतो; बाकीचे पान उलटतात. आज मी आपणांस अशाच एका सूचनेची हकीकत सांगणार आहे. ती आपल्या देशांतील नव्हे, अमेरिकेंतील आहे, आणि तिच्यांत कोणाचें घर जात नाहीं. एका अर्जाचा नमुना पुढेंहि चालूं ठेवावा कीं कसें, एवढाच तिचा विषय.

हा अर्ज अमेरिकेच्या न्यायखात्याचा. कायद्याचें शिक्षण नुकतेंच पुरें केलेले पदवीधर ज्या वाटेनें त्या खात्यांत वकील म्हणून शिरतात तिला ‘ॲटर्नी जनरल्स ऑनर्स प्रोग्रॅम’ असें नांव आहे. जे अद्याप शिकत आहेत त्यांच्यासाठीं उन्हाळ्याच्या सुटीपुरती उमेदवारी असते, तिला ‘समर लॉ इंटर्न प्रोग्रॅम’ म्हणतात. उमेदवारी हा शब्द मी मुद्दाम वापरतों. आपल्या कचेऱ्यांतून पूर्वीं होतकरू मुलें काम शिकण्याकरितां बिनपगारी बसत, त्याला उमेदवारीच म्हणत असत. अमेरिकेंतील ह्या मुलांना मात्र पगार मिळतो. दोन्ही वाटांचे अर्ज इंटरनेटवरून भरून पाठवावयाचे असतात.

आतां, असा नमुना एकदां मंजूर करून घेऊन कायमचा वापरण्याची मुभा तेथील खात्यांना नाहीं. मंजुरी फार तर तीन वर्षांची मिळते. ती संपत आली कीं ‘फेडरल रजिस्टर’ नांवाच्या सरकारी गॅझेटांत सूचना छापावी लागते. प्रथम साठ दिवसांची मुदत. नंतर प्रकरण राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रक कचेरीकडे गेलें म्हणजे आणखी तीस दिवसांची. लोकांना चार गोष्टी विचारलेल्या असतात. ही माहिती खात्याच्या कामास खरोखर अवश्य आहे काय? ती भरून देण्यास लागणाऱ्या वेळाचा खात्यानें केलेला अंदाज बरोबर आहे काय? प्रश्न अधिक स्पष्ट आणि उपयोगी कसे करतां येतील? आणि यंत्राच्या साह्यानें अगर अन्य रीतीनें भरणाऱ्याचा त्रास कसा कमी करतां येईल? खात्याचा स्वतःचा अंदाज असा कीं, एका उमेदवारास अर्ज भरावयास सुमारें एक तास लागतो.

एक तास! ज्या दारापाशीं तरुण माणसें तीन तीन वर्षें कायदा घोटून येऊन उभीं राहतात, त्या दारापाशीं सरकार लोकांना विचारतें तें हें, कीं कडी काढावयास किती मिनिटें लागलीं? ह्या प्रश्नाची थट्टा करणें सोपें आहे, आणि मलाहि प्रथम ती करावीशी वाटली. परंतु हा प्रश्न लोकांस विचारला पाहिजे, एवढें ठरावयासहि त्या देशास पुष्कळ वर्षें लागलीं. आणि तेवढा प्रश्न पुरा पडत नाहीं, हेंहि ह्याच दारांत घडलेल्या एका प्रकारानें दिसून आलें. त्या दोन्ही गोष्टी क्रमानें सांगतों.

१९३३ सालीं रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले त्या वेळीं मंदीनें देश गांजला होता. तिच्यावर उपाय म्हणून हुकुमांचा पाऊस पडला. पण हे हुकूम एका ठिकाणीं छापून मिळण्याची कांहींच सोय नव्हती. टेक्सासमध्यें तेलाच्या उत्पादनावर निर्बंध घालणाऱ्या एका नियमावलीवरून खटले झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें तेव्हां असें उघडकीस आलें कीं, ज्या कलमाच्या आधारावर सरकारनें कारवाई चालविली होती तें कलम दुरुस्तीच्या वेळीं नजरचुकीनें गळून गेलें होतें. हें तेलवाल्यांना ठाऊक नव्हतें, सरकारी वकिलांना ठाऊक नव्हतें आणि खालच्या न्यायाधीशांनाहि ठाऊक नव्हतें. नसलेल्या कायद्यावर सगळेजण गंभीरपणें वाद करीत होते! ह्या पनामा रिफायनिंग खटल्याचा निकाल जानेवारी १९३५ मध्यें लागला, आणि त्याच वर्षींच्या जुलैंत गॅझेटाचा कायदा झाला. १९३६ पासून फेडरल रजिस्टर निघूं लागलें. पुढें दहा वर्षांनीं, १९४६ सालीं, दुसरें पाऊल पडलें. नुसते झालेले नियम छापून भागत नाहीं, करावयाचे नियमहि आधीं छापावे आणि लोकांचें म्हणणें ऐकून घ्यावें, असें कायद्यानें ठरलें.

नियमांची अशी व्यवस्था लागली, तरी नमुन्यांचा प्रश्न राहिलाच. सामान्य माणसाची सरकारशीं गांठ पडते ती बहुधा कायद्याच्या पुस्तकांत नव्हे, तर फॉर्मच्या रकान्यांत. युद्धकाळीं, १९४२ सालीं, सरकारी खात्यांनीं लोकांकडून माहिती मागविण्यावर पहिला निर्बंध आला. १९७५ ते १९७७ ह्या काळांत एका खास कमिशननें सरकारी कागदपत्रांच्या ओझ्याची पाहणी केली. १९८० च्या डिसेंबरांत, अधिकार सोडण्यास थोडे दिवस उरले असतां, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं ‘पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट’ वर सही केली. १९९५ सालीं तो नव्यानें मांडून अधिक कडक केला गेला. ह्या कायद्यांतील एक कलम मला फार आवडतें. मंजूर झालेल्या प्रत्येक नमुन्यास एक क्रमांक मिळतो, आणि तो नमुन्यावर छापावा लागतो. क्रमांक नसेल, तर ती माहिती दिली नाहीं म्हणून कोणासहि शिक्षा करतां येत नाहीं. ज्या कोणी कचेरीच्या खिडकीशीं उभें राहून एकच माहिती तीन निरनिराळ्या कागदांवर लिहून दिली असेल, त्यास ह्या कलमाची गोडी निराळी सांगावयास नको.

ही झाली कागदाची बाजू. आतां नोकरीची बाजू पाहूं, कारण आपला अर्ज हा दोहोंच्या सांध्यावर आहे.

१८२९ सालीं अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून निवडणूक जिंकणाऱ्या पक्षानें सरकारी जागा आपल्या माणसांस वांटाव्या, ही तेथील उघड रीत होऊन बसली. आपण जिला वशिला म्हणतों ती वस्तु चोरून असते. तेथें ती राजरोस चालली. ह्या रीतीचा शेवट एका खुनानें सुरू झाला. चार्लस् गीटो नांवाचा एक भ्रमिष्ट मनुष्य होता. वकिलीहि त्यानें करून पाहिली होती. आपल्या भाषणामुळेंच गारफील्ड निवडून आले अशी त्याची समजूत होती, आणि मोबदला म्हणून त्यास पॅरिस येथील वकिलातींत कॉन्सलची जागा हवी होती. ती मिळेना, तेव्हां २ जुलै १८८१ रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्यानें राष्ट्राध्यक्षांवर गोळी झाडली. सप्टेंबरांत गारफील्ड वारले. १८८३ च्या जानेवारींत पेंडल्टन कायदा होऊन कांहीं सरकारी जागा परीक्षेनें भरण्याचें ठरलें.

ह्या कायद्याचा मसुदा डॉर्मन ईटन ह्या न्यूयॉर्कच्या वकिलानें केला होता. त्यानें राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या सांगण्यावरून इंग्लंडांतील मुलकी नोकरीचा अभ्यास करून त्यावर पुस्तक लिहिलें होतें. आणि इंग्लंडांत ही परीक्षेची कल्पना रुजली तिचीं मुळें आपल्या देशाच्या कारभारांत आहेत. कंपनीच्या संचालकांचा नेमणुकीचा अधिकार काढून घेऊन हिंदुस्थानच्या मुलकी नोकरीसाठीं खुली परीक्षा प्रथम १८५५ सालीं लंडन येथें झाली. इंग्लंडच्या स्वतःच्या कचेऱ्यांस ती पद्धत पूर्णपणें लागू व्हावयास त्यानंतर बरींच वर्षें गेलीं. परीक्षा खुली म्हणावयाची, आणि ती द्यावयास मात्र आमच्या मुलांनीं समुद्र ओलांडून जावयाचें, ही गोष्ट निराळी.

त्या परीक्षेच्या इतिहासांतील एक प्रसंग आपल्या आजच्या विषयास फारच लागू पडतो. १८६९ सालीं चार हिंदी तरुण ही परीक्षा उतरले. त्यांत तिघे बंगाली होते व चवथे आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांपैकीं सुरेंद्रनाथ बॅनर्जी व ठाकूर या दोघांचीं नांवें यादींतून काढून टाकण्यांत आलीं. कारण वय! बॅनर्जी यांनीं मॅट्रिक्युलेशनच्या वेळीं आपलें वय लिहिलें होतें तें आपल्याकडील रीतीप्रमाणें, म्हणजे चालूं असलेलें वर्ष धरून. लंडनच्या अधिकाऱ्यांनीं तें पुरें झालेलें वर्ष समजून वाचलें, आणि उमेदवार मर्यादेपेक्षां मोठा ठरला. आपल्या घरांतील वडील माणसें ‘मुलाला दहावें लागलें’ असें म्हणतात त्याचा अर्थ आपणांस कळतो. समुद्रापलीकडच्या कारकुनास तो कसा कळावा? बॅनर्जी यांना क्वीन्स बेंच न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागलीं, तेव्हां दोघांचीं नांवें परत यादींत आलीं. हेच बॅनर्जी पुढें १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ‘प्रश्न अधिक स्पष्ट कसे करतां येतील’ हें सूचनेंतील तिसरें कलम पोकळ नाहीं, हें समजण्यास एवढें उदाहरण पुरे आहे.

अमेरिकेंत परीक्षेची पद्धत पसरत गेली, पण सरकारी वकिलांपाशीं येऊन ती अडली. १९४१ सालीं रूझवेल्ट यांनीं वकिलांच्या निवडीसाठीं एक परीक्षक मंडळ नेमलें; थोड्याच काळांत काँग्रेसनें त्याचा पैसा बंद केला, आणि वकिलांची परीक्षा घेण्यासाठीं खर्च करूं नये असें बंधन घातलें. म्हणून तेथें टपालखात्यांतील कारकुनास परीक्षा होती, पण राष्ट्राच्या वतीनें न्यायालयांत उभें राहणाऱ्या तरुणास ती नाहीं. त्याची निवड व्हावयाची ती अर्ज वाचून आणि मुलाखत घेऊन. परीक्षेंत उत्तरपत्रिकेवर नांव नसतें. अर्जावर नांवाशिवाय दुसरें काय असतें? नांव, महाविद्यालय, कोणाकोणाकडे काम केलें, कोणत्या मंडळांचा सभासद होता, आणि आपणांस हें काम कां करावेंसें वाटतें त्याविषयीं एक लहानसा निबंध. येथें अर्ज हीच परीक्षा होय.

हें ओळखून १९५३ नंतर आयझेनहॉवर यांचे ॲटर्नी जनरल हर्बर्ट ब्राउनेल यांनीं ऑनर्स प्रोग्रॅमची घडी बसविली. हेतु असा कीं, ओळखीपाळखीनें नव्हे तर गुणवत्तेनें चांगले पदवीधर खात्यांत यावे. पुढें जवळजवळ अर्धशतकभर निवडीचें काम मुख्यतः खात्यांतील कायम नोकरीच्या वकिलांकडेच राहिलें. राष्ट्राध्यक्ष बदलत, पक्ष बदलत. अर्ज वाचणारे तेच राहत. १९७८ च्या कायद्यानें तर राजकीय मतांवरून उमेदवारास डावलणें स्पष्टपणें निषिद्ध ठरविलें.

२००२ सालीं ही पद्धत बदलली. त्या वेळचे ॲटर्नी जनरल ॲशक्रॉफ्ट यांच्या अमदानींत अर्ज चाळण्याची एक समिति खात्याच्या राजकीय वरिष्ठांच्या हाताखालीं नेमण्यांत आली. निरनिराळ्या शाखांनीं मुलाखतीसाठीं निवडलेलीं नांवें ह्या समितीकडे जात आणि तिनें खोडलेलीं नांवें गळून पडत. पहिल्याच वर्षीं काय घडलें तें पुढें झालेल्या चौकशींत बाहेर आलें. अमेरिकन कॉन्स्टिट्यूशन सोसायटी ही उदारमतवादी वकिलांची संस्था आहे आणि फेडरलिस्ट सोसायटी ही पुराणमतवादी वकिलांची. पहिलीचें नांव अर्जांत लिहिणारे सात उमेदवार होते. ते सातहि वगळले गेले. दुसरीचें नांव लिहिणारे एकोणतीस होते. त्यांपैकीं सत्तावीस पार पडले.

२००६ सालीं प्रकार अधिक उघड झाला. त्या वर्षींच्या तीन जणांच्या समितींतील एका वकील बाईंनीं उमेदवारांचीं नांवें इंटरनेटवर घालून त्यांची मतें शोधून काढण्याचा उद्योग आरंभिला. अर्जांतील निबंधांत ‘सामाजिक न्याय’, ‘पर्यावरणीय न्याय’ असे शब्द आढळले कीं त्यांस त्या डाव्या विचारांच्या खुणा समजत. समितींतील दुसरा एक सभासद कायम नोकरीचा सरकारी वकील होता. तो आपल्यापुरते अर्ज गुणवत्तेवर वाचीत होता. हा प्रकार ध्यानांत येतांच त्यानें वरिष्ठांपाशीं चिंता व्यक्त केली. उत्तमोत्तम विद्यापीठांतील वरच्या क्रमांकाचीं मुलें यादींतून नाहींशीं झालेलीं पाहून शाखांचे अधिकारीहि चकित झाले. ज्या मुलानें आपला तास इमानानें खर्च करून, आपणांस कशाची तळमळ आहे हें निबंधांत मोकळेपणें लिहिलें, त्याची ती तळमळच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरली.

एप्रिल २००७ मध्यें खात्यांतील कांहीं नोकरांनीं सही न करतां एक पत्र काँग्रेसच्या न्यायसमित्यांकडे धाडलें. निनावी पत्राबद्दल आपणांस सहसा आदर वाटत नाहीं. पण येथें त्याच्यामुळेंच वाचा फुटली, हें कबूल केलें पाहिजे. त्याच सुमारास निवडीचें काम पुन्हां कायम नोकरांकडे देण्यांत आलें. २४ जून २००८ रोजीं खात्याच्याच महानिरीक्षकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. २००६ च्या समितींतील दोघांनीं राजकीय कसोटी लावून खात्याचे नियम आणि मुलकी नोकरीचा कायदा मोडला, असा त्याचा निष्कर्ष होता.

ह्या प्रकरणाचें शेपूट न्यायालयांत लांबलें. वगळलेल्या उमेदवारांपैकीं कांहींनीं सरकारवर फिर्याद केली. १९७४ चा एक कायदा असा आहे कीं, नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्याच्या वापराची टिपणें सरकारनें सामान्यतः बाळगूं नयेत. प्रश्न आला पुराव्याचा. अर्जांच्या ज्या छापील प्रतींवर शेरे मारले होते त्या नष्ट केल्या गेल्या होत्या! मूळ अर्ज संगणकांत सुरक्षित राहिला. समासांतला शेरा गेला. खालच्या न्यायालयानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. पण मार्च २०१३ मध्यें वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें तो फिरवून असें ठरविलें कीं, ज्यानें कागद नष्ट केले त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्यास हरकत नाहीं. ह्या उमेदवारांविषयीं तशीं टिपणें झालीं होतीं असें धरून चालतां येईल.

आतां पुन्हां त्या बारीक टाइपांतील सूचनेकडे येऊं. तिच्यांत उमेदवाराचे श्रम मोजलेले आहेत. अर्जाला एक तास, मुलाखतीसाठीं प्रवास करावयाचा असल्यास त्या माहितीला आणखी थोडीं मिनिटें. मग त्याला अर्जांच्या संख्येनें गुणून एकंदर तास काढलेले. हा हिशोब मी निरुपयोगी म्हणणार नाहीं. पण २००२ आणि २००६ सालीं जे वगळले गेले, त्यांची तक्रार अर्ज लांब होता अशी नव्हती. तक्रार होती ती वाचणाऱ्याविषयीं, आणि वाचणाऱ्यास किती वेळ लागतो, तो काय शोधतो, समासांत काय लिहितो, ह्याचा रकाना सूचनेंत नाहीं.

तथापि पहिला प्रश्न तेथें आहेच: ही माहिती अवश्य आहे काय? हा प्रश्न मला चौघांतील सर्वांत मोलाचा वाटतो, आणि बहुतेक लोक त्यावरून पुढें जातात. मंडळांचीं नांवें कां विचारतां? निबंधांतून काय पाहतां? कोणत्या कामासाठीं? असें विचारण्याचा अधिकार येथें कोणासहि आहे. त्यासाठीं वकील लागत नाहीं, सहीहि लपवावी लागत नाहीं. संगणकावर अर्ज आल्यापासून तर हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. कागदाच्या गठ्ठ्यांतून एखाद्या मंडळाचें नांव लिहिणारे अर्ज वेगळे काढावयाचे तर पूर्वीं माणूस बसवावा लागे; आतां एक शब्द घातला कीं यादी निघते.

ह्या योजनेचा इतिहास तेथेंच थांबलेला नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें नवें सरकार येतांच केंद्रीय भरती गोठविण्याचा हुकूम निघाला, आणि ऑनर्स प्रोग्रॅममधून ज्यांस नोकरी देऊं केली होती त्यांचीं नेमणुकीचीं पत्रें मागें घेण्यांत आलीं. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत केंद्रीय मनुष्यबळ कचेरीनें एकंदर सरकारी भरतीसाठीं नवी योजना जाहीर केली. तिच्यांत अर्जदारास चार निबंधवजा प्रश्न घातले होते, प्रत्येकास उत्तर दोनशे शब्दांच्या आंत. त्यांपैकीं एक असा होता: राष्ट्राध्यक्षांचे हुकूम आणि धोरणें पुढें नेण्यास आपण ह्या जागेवरून कशी मदत कराल? २००६ सालीं जें इंटरनेटवर चोरून शोधावें लागलें, तें आतां अर्जांतच विचारलें गेलें होतें. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत सरकारी नोकरांच्या संघांनीं ह्या प्रश्नाविरुद्ध न्यायालयांत धांव घेतली.